सातच्या आत नेटात

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत पाण्याच्या तक्रारी निळ्या शाईत असतात, पार्किंगच्या लाल शाईत, आणि गेल्या जूनपासून वायफायच्या तक्रारी पेन्सिलीत. पेन्सिलीत का, असं मी दोनशे एकला विचारलं. ते म्हणाले, "लिहून होईपर्यंत नेट परत येतं हो. मग खोडायला बरं पडतं."

रोगाचं इतकं नेमकं वर्णन पुढे अडीच महिन्यांत कुणालाही जमलं नाही. यंत्र सरळ बंद पडलं तर माणूस त्याला दोन शिव्या देतो आणि दुरुस्तीला टाकतो. पण ते मधूनमधून बंद पडायला लागलं की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग घरच्यांवर, मग सोसायटीच्या सेक्रेटरीवर. सेक्रेटरी मी आहे.

त्याआधी मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो. पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरायचं, फोनवर खरखर सुरू व्हायची आणि आम्ही लाइनमन पाठवायचो. तो पोचेपर्यंत ऊन पडलेलं असायचं. सांधा वाळायचा, खरखर थांबायची. लाइनमन रिसीव्हर कानाला लावायचा, "ओके आहे" असा शेरा लिहायचा आणि त्याच घरचा चहा पिऊन परत यायचा. नंतर त्या गृहस्थांचा फोन आला की मी शांतपणे सांगायचो, "आमच्याकडे तर ओके दाखवतंय." हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती जणांना ऐकवलं, त्याचा हिशेब चित्रगुप्ताने ठेवला असणार. गेल्या जूनमध्ये त्याने तो व्याजासकट चुकता केला.

तसं आम्हा पार्ले पूर्वेच्या लोकांना बिनतारी सेवेचं अप्रूप नाही. १९२९ साली सुरू झालेला एक कारखाना आमच्या इथे होता, आणि वारा अनुकूल असला की भाजणाऱ्या बिस्किटांचा वास थेट घरात यायचा. पासवर्ड लागत नव्हता, बिल येत नव्हतं, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सारखा मिळायचा. तोही मधूनमधून जायचा, पण त्याबद्दल कुणी वहीत तक्रार लिहिल्याचं मला आठवत नाही. २०१६ मध्ये कारखाना बंद झाला. त्याच वर्षी आमच्या सोसायटीत वायफाय आलं. एका अदृश्य गोष्टीची जागा दुसऱ्या अदृश्य गोष्टीने घेतली, एवढंच.

आमची इमारत पुनर्विकासातली. सात मजले, अठ्ठावीस घरं. घराघरात वेगळी जोडणी घेण्यापेक्षा सगळ्यांत मिळून एक जाड लाइन घ्यावी आणि पॅसेजमध्ये डबे लावावेत, अशी कल्पना तेव्हाच्या सेक्रेटरींनी मांडली. त्यांच्या भाच्याने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मजल्यावर एकेक डबा बसवला. पॅसेजमध्ये प्लगपॉइंट नव्हते. मग त्याने वीज कुठून घेतली, हे कुणी विचारलं नाही. भाच्यांना असं विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

त्या डब्यांनी बरीच वर्षं सेवा केली. मग सगळ्यांचं काम घरून सुरू झालं, मुलांच्या शिकवण्या पडद्यावर आल्या, आणि जुने डबे धापा टाकायला लागले. गेल्या एप्रिलमध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय क्रमांक चार : वायफायचे नवे डबे घेणे. विषय क्रमांक पाच : पॅसेजच्या दिव्यांचं वीजबिल कमी करणे. बिल्डरच्या कृपेने पॅसेजच्या दिव्यांना बटणच नव्हतं, ते बारा महिने चोवीस तास जळायचे. विषय चारवर दोन तास चर्चा झाली. तेवढ्यात वडे आले, आणि विषय पाच दोन मिनिटांत मंजूर झाला. दिव्यांना वॉचमनच्या केबिनमध्ये एकच बटण बसवायचं, दिवेलागणीला लावायचे, रात्री अकराला मालवायचे आणि वेळा वहीत लिहायच्या. चार आणि पाच यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या सभेत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विषयांना वेगवेगळे क्रमांक देतात ते त्यासाठीच.

मे महिन्यात नवे डबे आले. पांढरे, गोल, उत्तप्प्याएवढे. मजल्याला एक याप्रमाणे सात. हे 'वायफाय सहा', असं कंपनीच्या मुलाने सांगितलं. मग आधीचं कितवं होतं, असं चारशे दोनने विचारलं. ते 'चार'. म्हणजे पाचवं मध्ये कुठे गेलं, यावर ते अजून विचार करताहेत. बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यांना मधला आकडा गाळलेला चालत नाही. वायफाय म्हणजे काय, हेही त्यांनी विचारलं. तर म्हणे त्या शब्दाला असा अर्थच नाही. हे तंत्र काढणाऱ्यांकडे नुसता एक क्रमांक होता, तो लोकांच्या तोंडी बसेना, म्हणून १९९९ साली नावं तयार करून विकणाऱ्या एका कंपनीकडून हे विकत आणलं. आपल्याकडे बारशाला आत्या हे काम फुकट करते.

त्या वेळी एक आग्रह मी धरला, तो इथे प्रांजळपणे नोंदवून ठेवतो. नव्या डब्यांचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा, असं मीच सांगितलं. अठ्ठावीस घरांतल्या ज्येष्ठ नागरिकांना नवा पासवर्ड टाकून द्यायचा म्हणजे प्रत्येक घरी एक चहा आणि एक शस्त्रक्रियेची हकिगत. मुलाने मान डोलावली. जुन्या डब्यांच्या केबली काढून नव्यांना जोडल्या, पहिल्या मजल्यावरची तेवढी जूनवर ढकलली. इलेक्ट्रिशियनने तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मजल्यावरचे जुने डबे उतरवून माझ्या हवाली केले. चौथा कुठे आहे असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "बघतो." इलेक्ट्रिशियनच्या भाषेत हा पूर्णविराम असतो.

मेच्या अखेरीपर्यंत स्वर्ग होता. पाचशे एकचा मुलगा गच्चीच्या जिन्यात बसून क्रिकेट बघत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती राहिलेली केबल बदलली, दिव्यांचं बटण बसलं, पाऊस आला आणि तक्रारवहीत पेन्सिल आली.

मधूनमधून होणाऱ्या बिघाडाला प्रत्येक जण आपापल्या धंद्यातलं नाव देतो. तीनशे दोनमध्ये डॉक्टर राहतात. ते म्हणाले, "व्हायरल असेल, पाच दिवस वाट बघा." चारशे दोनने बिल वेळेवर भरलं का, एवढंच विचारलं. सहाशे एकच्या बाई वास्तुशास्त्राचे वर्ग घेतात, त्यांनी सहाव्या मजल्याचा डबा नैर्ऋत्येला आल्याचं दाखवून दिलं. शेजारच्या इमारतीतले लोक आपलं नेट चोरतात, असं पाचशे एकचं ठाम मत पडलं. त्यांचा वकिलीचा व्यवसाय आहे. सातशे दोन मात्र रोज लिफ्टमध्ये भेटून सांगायचे, "आमच्याकडे तर फस्क्लास चालतंय!" अशा माणसांमुळेच सहकारी चळवळ मागे पडली. मी स्वतः छातीठोकपणे सांगितलं, की हे केबलच्या सांध्यात पाणी शिरल्याचं लक्षण आहे. पाऊस आला की नेट जातं, आणखी काय पुरावा पाहिजे? आता आमच्या केबली इमारतीच्या आतून जातात आणि तिथे पाण्याचा थेंब नाही, ही गोष्ट वेगळी. एकतीस वर्षांचा अनुभव असा थेंबाभावी वाया जाऊ देता येत नाही.

कंपनीचा मुलगा तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यायचा. सकाळी अकराला आमचं नेट म्हणजे दाखवायला आणलेली मुलगी. एक चूक करील तर शपथ. तो लॅपटॉप उघडायचा, पडद्यावर सातही डबे हिरवे दिसायचे, आणि तो म्हणायचा, "काका, आमच्याकडे तर ओके दाखवतंय."

मी वर बघितलं. चित्रगुप्त हसत असणार.

पण मुलगा चिकाटीचा होता. दर खेपेला नवा उपाय घेऊन यायचा, आणि मला समजावूनही सांगायचा. पहिल्या खेपेला त्याने वाहिन्या बदलल्या. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा म्हणून एक जुना पट्टा आहे. आपल्याकडे त्यात तेरा वाहिन्या, पण एकमेकींच्या पायावर पाय न देता नांदतील अशा तीनच : १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो, आणि चार भिंतींपलीकडच्या शेजाऱ्यांचे डबेही. तेरा जणांच्या एकत्र कुटुंबात तिघांचंच एकमेकांशी जमतं, आणि त्यात संध्याकाळी पाहुणे येतात, असं मी मनाशी भाषांतर केलं. त्याने वाहिन्या नीट वाटून दिल्या. संध्याकाळी सव्वासातला दोनशे दोनचा फोन आला.

दुसऱ्या खेपेला त्याने डब्यांची ताकद कमी केली. मी हरकत घेतली : नेट जातंय तर ताकद वाढवायची की कमी करायची? तो म्हणाला, "काका, डबा लाऊडस्पीकर लावून बोलतोय. ते फोनला ऐकू जातं, म्हणून फोनवर पूर्ण दांड्या दिसतात. पण फोनचा आवाज बारीक आहे, तो डब्यापर्यंत पोचत नाही." हे मला ताबडतोब पटलं. आमच्या सर्वसाधारण सभा याच पद्धतीने चालतात. ताकद कमी झाली. सातशे दोनचं नेट जरा मंदावलं, तेवढंच समाधान. पहिल्या-दुसऱ्या मजल्याचं जायचं ते जातच राहिलं.

तिसऱ्या खेपेला संशय विजेवर गेला. या नव्या डब्यांना वीज वेगळी लागत नाही, नेटच्याच तारेतून मिळते. पण तळमजल्यावरचं जे यंत्र ती वीज पुरवतं, ते होतं जुनं. २००३ च्या नियमाप्रमाणे एका तारेत जास्तीत जास्त १५.४ वॅट द्यायचे, २००९ मध्ये ती मर्यादा ३० वॅटवर गेली. आमचं यंत्र पहिल्या पंगतीतलं आणि डबे दुसऱ्या पंगतीचे खाणारे. संध्याकाळी सगळे घरी आले, काम वाढलं, भूक वाढली, की डबा उपाशीपोटी मान टाकत असेल. इतकं सुंदर निदान मी डॉक्टरांकडूनही ऐकलं नव्हतं. नवं यंत्र घेतलं. खर्च मंजूर करून घेताना चारशे दोनने मला चाळीस मिनिटं उभं केलं. त्याच दिवशी, त्याच सभेत, त्याच क्षणी, आभाळ भरून आलं आणि त्यांच्या टॅबवरचा ताळेबंद गोल फिरायला लागला. सभा पहिल्या मजल्याच्या लॉबीत भरली होती. दुपारचे साडेबारा.

म्हणजे पाऊस! मुलाचे डोळे चमकले. चौथ्या खेपेला त्याने थेट हवामान खात्याला ओढलं.

ते असं. वायफायचा दुसरा पट्टा पाच गिगाहर्ट्झचा. त्यातल्या मधल्या बऱ्याचशा वाहिन्या मुळात रडारच्या मालकीच्या. वायफाय तिथे पोटभाडेकरू. अटी कडक : वाहिनी वापरण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकायचं, रडारची चाहूल नाही ना. वापरताना चाहूल लागली तर त्याच क्षणी जागा खाली करायची, आणि पुढचा अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. मी थक्क झालो. मुंबईत जागा खाली करून घ्यायला लोकांच्या तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि इथे एक उत्तप्पा नुसत्या चाहुलीवर बिऱ्हाड हलवतो! मुलगा पुढे म्हणाला, "आणि काका, जोगेश्वरीकडे वेरावलीला हवामान खात्याचं डॉप्लर रडार २०२२ च्या जानेवारीत सुरू झालंय. पावसाचे ढग बघतं. त्याचा पट्टा आपल्या शेजारचाच."

ही बातमी सोसायटीत अर्ध्या तासात पसरली, तीही नेट नसताना. आपलं नेट साध्यासुध्या कारणाने जात नसून भारत सरकारच्या रडारमुळे जातं, याचा लोकांना अभिमान वाटायला लागला. पाचशे एकने माहितीच्या अधिकारात अर्ज करायची तयारी दाखवली. मुलाने निमूटपणे सगळे डबे ३६ च्या आसपासच्या वाहिन्यांवर नेऊन बसवले, जिथे रडारचा हक्क नाही. संध्याकाळी सातला नेट गेलं. रडार निर्दोष सुटलं. आपल्या देशात इतक्या लवकर निर्दोष सुटलेली ही बहुधा पहिलीच सरकारी यंत्रणा.

तेव्हा मी ठरवलं, की आता आपण जुन्या पद्धतीने जायचं. खात्यात आम्ही दोषांची नोंदवही ठेवायचो, तशी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले : तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, मजला, हवामान, शेरा. पंधरा दिवस इमानेइतबारे भरली. त्यातून जे शोध लागले ते असे. नेट रोज संध्याकाळी सातच्या सुमारास जातं आणि रात्री अकराच्या सुमारास येतं. भरून आलं तर दुपारीही जातं. बुधवारी दिवसभर जातं. सहाशे एकच्या बाईंनी बुधाचा वाणीशी आणि दळणवळणाशी संबंध असल्याचं लगेच सांगितलं. एकाच घरात आजोबांच्या फोनवर चालतं आणि नातवाच्या टॅबवर चालत नाही. आणि सगळ्यांत विचित्र : जो जिन्याने वर जातो त्याचं नेट जातं, लिफ्टने जातो त्याचं शाबूत राहतं. हे शेवटचं वाचून बायको म्हणाली, "तुम्ही आता थोडे दिवस डोंबिवलीला ताईंकडे जाऊन या."

वही भरायला मी केबिनमध्ये वॉचमनशेजारी बसायचो, कारण तिथे पंखा आहे. वॉचमनमामा संगमेश्वरकडचे, कमी बोलणारे. एका संध्याकाळी मी चहा घेऊन आलो, तर ते माझी वही चष्मा लावून वाचत बसले होते. चेहरा दुखावलेला.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास नव्हता तर तसं सांगायचंत. माझी वही उतरवून कशाला काढलीत?"

"तुमची कुठली वही?"

त्यांनी ड्रॉवरमधून आपली वही काढली. विषय क्रमांक पाच. पॅसेजचे दिवे लावल्याची वेळ, मालवल्याची वेळ. सात वाजून पाच मिनिटं. अकरा. भरून आलं म्हणून दुपारी साडेबारा. बुधवारी त्यांची सुट्टी, बदलीचा माणूस सकाळी येऊन दिवे लावायचा आणि घरी जाताना मालवायचा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पंधरा दिवसांत एका मिनिटापलीकडे फरक नव्हता. ते पंधरा दिवस आम्ही त्या केबिनमध्ये हाताच्या अंतरावर बसून एकच वही लिहीत होतो. त्यांची विषय पाचची, माझी विषय चारची.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच कंपनीच्या मुलाला संध्याकाळी बोलावलं. तो आणि मी पहिल्या मजल्याच्या लॉबीत उभे राहिलो, मामा खाली बटणापाशी. मुलाच्या फोनवर सोसायटीच्या नावाचे डबे ओळीने दिसत होते. नाव सगळ्यांचं एक, पण प्रत्येकाचा बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता वेगळा. मी खाली ओरडलो, "मामा, लावा!" दिवे लागले. मिनिटभर काही नाही. मग यादीत हळूच एक नवीन ओळ उगवली. नाव सोसायटीचंच, पत्ता अनोळखी, आवाज सगळ्यांत मोठा. "मामा, मालवा!" ओळ गेली. "लावा!" आली. पाचव्यांदा ओरडल्यावर एकशे एकचं दार उघडलं आणि विचारणा झाली, की लॉबीत आरती आहे का.

मग मुलगा फोन पुढे धरून आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा फिरायला लागला. उणे सत्तर, उणे साठ, उणे पन्नास. लिफ्टसमोरच्या पीओपीच्या छताखाली आकडा उणे तीसवर आला. स्टूल आणलं, छताची झडप उघडली. आत तीन शटलकॉक, कबुतराची पिसं, २०१६ सालची धूळ आणि त्या धुळीत लुकलुकणारा एक हिरवा दिवा. इलेक्ट्रिशियनचा 'बघतो'.

भाच्याने वीज ट्यूबलाइटच्या तारेतून घेतली होती. दिवे चोवीस तास जळायचे तोवर ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. विषय पाचने दिव्यांना बटण दिलं आणि नकळत त्या डब्यालाही. विषय चारने त्याची नेटची केबल काढून घेतली, पण नाव आणि पासवर्ड तसाच ठेवला, माझ्याच आग्रहावरून. दिवेलागणीला तो उठायचा, जुन्या सवयीने आपलं नाव पुकारायचा, ओळखीचे फोन आणि टॅब त्याच्याकडे धावायचे. तो सगळ्यांना प्रेमाने बसवून घ्यायचा. द्यायला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. ज्यांच्या फोनमध्ये सिम असतं ते शहाणपणाने मोबाइलच्या नेटवर जायचे आणि मालकाला पत्ताही लागायचा नाही. टॅब आणि लॅपटॉप बिचारे ताटकळत बसायचे.

"पण वर दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर तरी सोडायचं ना त्याला?" मी विचारलं.

"ते डब्याच्या हातात नसतं, काका. कुणाला धरायचं, कधी सोडायचं, ते फोन ठरवतो. जुना आवाज थोडा जरी ऐकू येत असला तरी बरेचसे फोन सोडत नाहीत."

हे मला नवं नव्हतं. पार्ल्यातून बोरिवलीला राहायला गेलेला माणूस दाढ काढायला पार्ल्यालाच येतो. लिफ्टचंही कोडं सुटलं. लिफ्टच्या लोखंडी पेटीत आवाज पूर्ण तुटतो, म्हणून वर बाहेर पडलेला फोन नव्याने चौकशी करतो. जिन्याने जाणारा जुनी ओळख हातात धरूनच चढतो.

मी स्टुलावर उभा राहून त्या डब्याकडे बघत राहिलो. त्याच्याबद्दल राग येईना. निवृत्तीनंतर पहिलं वर्षभर मीही महिन्यातून एकदा जुन्या ऑफिसात जाऊन बसायचो. सगळे नावाने हाक मारायचे, खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. काम कुणी द्यायचं नाही. फोनवर ती जी ओळ येते, 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही', ती कुणीतरी आमच्या पेन्शनच्या पासबुकावर छापायला हवी.

डबा उतरवला. सात वाजून गेले होते, दिवे लागलेले होते आणि पहिल्या मजल्यावर नेट होतं. टाळ्या वाजल्या. सातशे दोन खास वरून उतरून आले आणि "आमच्याकडे तर आधीपासूनच..." म्हणेपर्यंत डॉक्टरांनी त्यांना लिफ्टमध्ये घातलं.

सगळे पांगल्यावर एकशे दोनच्या आजी दारात उभ्या दिसल्या. वय त्र्याऐंशी. सगळा सोहळा त्यांनी दाराच्या साखळीमागून पाहिला होता.

"सापडलं का हो कारण?"

"सापडलं, आजी. दिवे लागले की नेट जात होतं."

"ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," आजी म्हणाल्या. "दिवेलागण झाली की जायचं."

मी स्टुलाचा आधार घेतला. "मग सांगितलं का नाहीत?"

"मला विचारलंत कधी? तुम्ही येऊन सुनेला विचारायचात, मुलाला विचारायचात. शिवाय..." त्यांनी आत डोकावून आवाज खाली आणला. "नेट गेलं की दोघं नातवंडं टॅब टाकून खोलीबाहेर यायची. हातपाय धुवायची, देवाजवळ बसायची, शुभं करोति म्हणायची. मग मी गोष्ट सांगायची. अडीच महिने रोज. मी कशाला सांगू?"

आतून टॅबवरच्या कसल्यातरी गोळीबाराचा आवाज येत होता. आजींनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"हे आता भंगारात जाणार का?"

आता सोसायटीची मालमत्ता अशी कुणाला देता येत नाही. ठराव लागतो. मी कंपनीच्या मुलाकडे पाहिलं. तो लॅपटॉप बंद करत होता, तो त्याने पुन्हा उघडला. "काका, याची ताकद अगदी कमी करता येते," तो खाली बघत म्हणाला. "त्यांच्या घराबाहेर फारसा आवाज जाणार नाही." एकतीस वर्षांत एवढा गुणी लाइनमन मला मिळाला नव्हता.

भंगाराच्या यादीत मी 'जुने डबे : नग तीन' असं लिहिलं.

त्याला महिना झाला. तक्रारवहीत आता वायफायबद्दल काही येत नाही. परवा मात्र एक नोंद दिसली. पेन्सिलीत, मोठ्या गोल अक्षरांत, ओळीच्या थोडी वर थोडी खाली : '१०२. रोज संध्याकाळी सात ते आठ नेट जाते. कृपया लक्ष घ्यावे.'

मी पेन काढलं आणि खाली पक्क्या शाईत लिहिलं, 'आमच्याकडे ओके दाखवत आहे.'